पिवळ्या पायांचा परीट

मी त्या खोलीत पहिल्यांदा गेलो तो मोजदाद करायला. महाराज गादीवर येऊन काही वर्षं झाली होती, प्लेगची पहिली मोठी लाट ओसरली होती, आणि दरबारच्या खासगी खात्यात मी नवा कारकून लागलो होतो. वर्षातून एकदा प्रत्येक ठिकाणच्या वस्तू मोजून यायच्या, असा रिवाज होता. जामदारखाना, शिलेखाना अशी वजनदार ठिकाणं जुन्या कारकुनांनी आपसात वाटून घेतली आणि माझ्या वाट्याला अजबखाना आला. सरकारी कागदात त्याला संग्रहालय म्हणत. गावात सगळे अजबखानाच म्हणत.

खाली जुनी शस्त्रं, नाणी आणि पेंढा भरलेली जनावरं होती. माडीवरच्या लांब खोलीत पाखरांची चित्रं. माझ्याकडच्या यादीप्रमाणे ती एकशे बारा असायला हवी होती. भिंतीवर मी दोनदा मोजली, दोन्ही वेळा एकाहत्तर भरली. बाकीच्या जागी नुसते खिळे होते आणि प्रत्येक रिकाम्या खिळ्याला एक लहानशी लाकडी पाटी लोंबत होती. तिच्यावर वळणदार अक्षरात लिहिलं होतं, ‘मुक्कामी नाही’.

खिडकीशी लाल गोंड्याची टोपी घातलेले एक गृहस्थ बसले होते. मांडीवर एक चौकट पालथी घालून ते तिची मागची बाजू मोराच्या पिसानं झटकत होते.

“एकेचाळीस चित्रं कमी आहेत,” मी म्हटलं.

“कमी न्हाईत. गावाला गेल्यात.”

“चित्रं?”

“पाखरं.”

“मग चित्रं कुठं आहेत?”

त्यांनी मान न उचलता कोपऱ्यातल्या शिसवी पेटीकडे बोट केलं. पेटीत कडुनिंबाचा पाला घालून, मलमलीत गुंडाळून चित्रं नीट रचली होती. मी एकेक काढून मोजलं. एकेचाळीस भरली.

“म्हणजे सगळी इथंच आहेत,” मी म्हटलं.

“तुझी इथं हाईत. माझी न्हाईत.” मग ते जरा समजावणीच्या सुरात म्हणाले, “वैशाख चाललाय बाबा. ही बदकं आत्ता हितं काय करत्यात? मी चित्र लावलं, आन एखादा पावणा म्हटला, ‘मास्तर, ह्ये रंकाळ्यात कुठं बसतं तेवढं दाखवा’, तर काय दाखवू? पाणी?”

मी एकशे बारा लिहून सही केली. त्या दिवसापासून त्यांनी माझं नाव ‘हिशेबनीस’ ठेवलं, आणि पुढे मी त्यांना कितीही वेळा माझं खरं नाव सांगितलं तरी ते बदललं नाही.

गावात त्यांना सगळे नुसते मास्तर म्हणत. त्यांचं घराणं रंगाऱ्यांचं. आजोबा मोहरमचे ताबूत सजवायचे, वडील दरबारच्या पालख्यांवर वेलबुट्टी काढायचे. मास्तर स्वतः मुंबईला जाऊन चित्रकला शिकून आले आणि काही वर्षं शाळेत ड्रॉइंग शिकवत होते. ती नोकरी कशी गेली ते त्यांनी मला अनेकदा सांगितलं, आणि दर वेळी सारख्याच आनंदानं. परीक्षेत त्यांनी मुलांना कावळा काढायला सांगितला. वर्गाच्या खिडकीत त्या वेळी एक कावळा बसलेला होता आणि तो उजवीकडे बघत होता. सगळ्या मुलांनी कावळा डावीकडे बघणारा काढला, कारण पुस्तकात तसा होता. मास्तरांनी अख्ख्या वर्गाला शून्य दिलं. हेडमास्तर म्हणाले, निदान जो सर्वांत सुबक आहे त्याला तरी पास करा. मास्तर म्हणाले, सर्वांत सुबक आहे तोच सर्वांत लबाड आहे.

तिथून ते अजबखान्यात आले.

चित्रांची हकिगत अशी. काही जुनी, आधीच्या राजवटीतल्या दरबारी चिताऱ्यांनी काढलेली. त्यात बाज आणि ससाणे फार, कारण शिकारखान्याला तेच ठाऊक. उरलेली बहुतेक एका मोठ्या विलायती पुस्तकातली. कोणी साहेब परत जाताना ते दरबारला देऊन गेला होता. पुस्तकाची बांधणी वाळवीनं खाल्ली. पानं वाचली, म्हणून ती सुटी करून चौकटीत बसवली. तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेली आणि वरून हातानं रंगवलेली ती चित्रं. कोरणाऱ्याचा हात असा की पिसाच्या कडेचे तंतू मोजून घ्यावेत. पण त्या कोरणाऱ्यानं आणि रंगवणाऱ्यानं आपल्याकडची पाखरं जिवंत कधी पाहिली नव्हती. त्यांच्यापुढे वाळवून पाठवलेली कातडी असायची. त्यामुळे आपला खंड्या बर्फाच्या कडेला बसला होता आणि आपल्या टिटवीच्या मागे एक किल्ल्यासारखा विलायती वाडा होता.

“पाखरू आपलं, जागा त्यांची,” मास्तर म्हणायचे. “बदलीच्या नोकरीत असंच व्हायचं.”

खाली पेंढा भरलेल्या जनावरांचा जो रखवालदार होता त्याच्याशी मास्तरांचं बोलणं नव्हतं. कारण एवढंच की त्या माणसानं एकदा आपल्या कपाटातला मेलेला बगळा वर आणून, “ह्याच्याशी ताडून बघा तुमचं चित्र,” असं म्हटलं होतं. मास्तर माझ्यामार्फत त्याला निरोप धाडायचे. “त्याला सांग, तुझ्या पाखरांच्या पोटात भुसा हाय, माझ्या पाखरांच्या पोटात काय न्हाई. म्हणून माझी उडत्यात.” तोही माझ्यामार्फतच उत्तर द्यायचा. “त्यांना सांगा, उडत्यात म्हणूनच मोजदादीला घावत न्हाईत.”

आता त्यांचा नियम सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे.

चिमणी, साळुंकी, खंड्या अशी जी पाखरं बारा महिने गावात दिसतात, त्यांची चित्रं बारा महिने भिंतीवर. जी ऋतूप्रमाणे येतात आणि जातात, किंवा दूरच्या रानात राहतात, त्यांचं चित्र पेटीत. त्या साली ते पाखरू ज्यानं पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिलं असेल, त्यानं अजबखान्यात येऊन सांगायचं. मास्तर त्याला भिंतीशी असलेल्या साक्षीदाराच्या बाकावर बसवून त्याची उलटतपासणी घेणार. पटली तर त्याच माणसानं स्वतःच्या हातानं पाटी उतरवून चित्र खिळ्याला लावायचं. बक्षीस वगैरे काही नाही. पण दसऱ्याला अजबखाना सर्वांना खुला असे, खेड्यापाड्यांतून लोक यायचे, आणि त्या गर्दीत एखादा शेतकरी आपल्या बायकोला आणि सासूला धरून आणून म्हणायचा, “ह्ये भोरडीचं मी लावलंय.” भोरड्या म्हणजे थव्यानं येऊन जोंधळ्याची कणसं फस्त करणारी पाखरं. त्यांना गोफणीनं हाकलून ज्याचा हात दुखतो, तोच माणूस त्यांचं चित्र सरळ लागलंय का म्हणून दोन पावलं मागं सरून बघायचा.

मास्तरांनी स्वतः एकही चित्र कधी लावलं नव्हतं. दिवसभर ते खोलीत बसलेले; बातमी आली की मगच ते पाखरू बघायला जायचे, म्हणजे दर वेळी त्यांचा क्रमांक दुसरा. मी एकदा विचारलं, “मास्तर, तुम्हाला लावावंसं वाटत नाही?”

“वाटतं की. पण माझ्या आधी कायम कुणीतरी उठल्यालं असतं.”

हंगामातला पहिला पाहुणा म्हणजे परीट. काळं-पांढरं, चिमणीहून जरा लांबट, शेपूट सारखी खालीवर हलवत पाण्याकाठी पळणारं पाखरू. ते दसऱ्याच्या सुमाराला येतं आणि थंडी सरली की जातं. त्याचं चित्र विलायती पुस्तकातलं. कोरीव काम उत्तम, पण रंगवणाऱ्यानं एक चूक केली होती. परटाचे पाय काळे असतात. त्यानं ते पिवळेधमक रंगवले होते.

मी मास्तरांना म्हटलं, “तुम्ही रंगारी. एक कुंचला फिरवला की पाय काळे होतील.”

“मग चोर कसा धरू?”

त्याचा अर्थ मला पुढच्याच हंगामात कळला. तालमीतला एक पैलवान आला, बरोबर चार-पाच दोस्त. पैज लागली असावी. पैलवान म्हणाला, “मास्तर, परीट बगितला. काढा चित्र भाईर.”

“या पावणं, बसा. कुठं बगितला?”

“कळंब्याच्या तळ्यावर.”

“काय करत होता?”

“शेपूट हालवत हुता. खाली-वर, खाली-वर.”

“आन पाय?”

“पाय व्हय? पिवळं. हळदीगत.”

मास्तरांनी डोळे मिटून मान डोलावली, जणू गाणं ऐकत होते. “पैलवान, परीट तुमी बगितला खरा. पण कळंब्यावर न्हाई. ह्याच खोलीत, गेल्या दसऱ्याला.”

दोस्त हसले. पैलवान क्षणभर चित्राच्या रिकाम्या खिळ्याकडे बघत राहिला आणि मग मोकळेपणानं म्हणाला, “लागली की पाठ मातीला, मास्तर.” पुढे तो वरचेवर यायचा. खरंच काही पाहिलं तर सांगायचा, आणि प्रत्येक वेळी आधीच बजावायचा, “पायाचं इचारू नगा.”

उलट एकदा चंदगडाकडचा एक माणूस आला. मध आणि शिकेकाई घेऊन बाजाराला आलेला, अंगावर घोंगडं. त्याला कोणीतरी माडीवर पाठवलं होतं. त्यानं धनेश पाहिला होता, त्या घाटरानातला मोठ्या चोचीचा पक्षी. तो आमच्या गावात दिसत नाही, म्हणून त्याचा खिळा बहुतेक रिकामाच असे.

“चोच कशी होती?” मास्तरांनी विचारलं.

“मोटी हुती, अण्णा.”

“रंग?”

“न्हाय बगितला.”

“डोळा? शेपटीवरचा पट्टा?”

“न्हाय जी.”

“मग बगितलंस काय?”

तो माणूस घोंगडं सारखं करत म्हणाला, “डोस्क्यावरनं गेलं. पंखाचा आवाज आला, कुणी सूप पाखडल्यागत, पर लई मोटं सूप. मला भ्या वाटलं. मी खालीच बसलो.”

मास्तर उठले आणि त्यांनी पेटीतून धनेश काढून त्याच्या हातात दिला. तो गेल्यावर मी म्हटलं, “मास्तर, ह्यानं तर एकाही प्रश्नाचं उत्तर दिलं नाही.”

“म्हणूनच,” ते म्हणाले. “खरं बगणाऱ्याला सगळं दिसत न्हाई, हिशेबनीस. घाई असती, भ्या असतं, पाखरू थांबत न्हाई. ज्याला सगळं दिसलं, त्यानं चित्र बगितल्यालं असतं.”

माझ्यासारख्या माणसाला हे पचायला वेळ लागला. माझ्या खात्यात ज्याला सगळं सांगता येतं तो खरा आणि ज्याला सांगता येत नाही तो अडकला.

एका उन्हाळ्यात दरबारचे गोरे पाहुणे अजबखाना बघायला आले, साहेब आणि मडम. त्यांच्याबरोबर खासगीकडचे एक बडे कारभारी होते. पाहुण्यांना विलायती पुस्तकातली चित्रं पाहायची होती, आणि उन्हाळा असल्यामुळे नेमकी त्यातलीच बरीच पेटीत होती. मडमेनं पाटीवर बोट ठेवून काय लिहिलंय ते विचारलं. कारभारी घाम पुसत म्हणाले की चित्रं दुरुस्तीला गेली आहेत. मास्तरांना इंग्रजी बरं येत होतं. ते मध्येच म्हणाले की चित्रांना काही झालेलं नाही; बदकं उत्तरेला, हिमालयापलीकडे अंडी घालायला गेली आहेत, मडमसाहेबांनी थंडीत यावं. साहेब मोठ्यानं हसला. मडम हसली नाही. ती एकेका खिळ्यापुढे थांबत, खाली लिहिलेलं नाव कारभाऱ्यांकडून विचारून घेत, सबंध भिंत बघून गेली.

पाहुणे गेल्यावर कारभारी माडीवर परत आले.

“मास्तर, ही दरबारची चित्रं आहेत. तुमच्या अंगणातली कोंबडी नव्हेत, सोडली आणि झाकली.”

“व्हय साहेब.”

“दसऱ्याच्या प्रदर्शनात यादीतलं प्रत्येक चित्र भिंतीवर दिसलं पाहिजे. हा हुकूम समजा.”

“व्हय साहेब.”

त्या दसऱ्याला मी मुद्दाम लवकर गेलो. भिंतीवर खरोखरच एकशे बारा चौकटी होत्या. पण जी पाखरं अजून आली नव्हती, त्यांची तोंडं भिंतीकडे होती. लोकांना चौकटींच्या नुसत्या मागच्या फळ्या दिसत होत्या. कोणी विचारलं की मास्तर शांतपणे सांगायचे, “पाठ करून बसल्यात. आल्यावर वळतील.” त्या साली लोकांनी सर्वांत जास्त गर्दी त्या फळ्यांपुढेच केली. कारभारी आले, त्यांनी पाहिलं, मागे हात बांधून उभे राहिले, आणि शेवटी त्यांच्याही मिशा हलल्या. पुढच्या वर्षी त्या हुकुमाची कोणी आठवण काढली नाही, आणि पाट्या परत लागल्या.

मी तोवर कामाशिवायही तिथे जाऊ लागलो होतो. घरी माझी मंडळी म्हणायची, “तुमच्या मास्तरांची चित्रंसुद्धा गावाला जाऊन येतात. आपण वाडीला कधी जायचं?” तिचं बरोबर होतं. नृसिंहवाडीला जायचा बेत मी तीन वेळा पुढे ढकलला होता.

मास्तरांचे डोळे कधी अधू होऊ लागले ते मला नक्की सांगता येत नाही. ते धूळ झटकायचे ती हातानं चाचपून. माणूस दारात आला की आवाज ऐकेपर्यंत ते गप्प राहायचे. मग एकदा पेटीतून चक्रवाक बदक काढायचं तर त्यांनी तुतारी, म्हणजे चिखलात टिपणारं एक लहानसं पाखरू, काढलं, आणि माझ्या लक्षात आलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. शस्त्रक्रियेचं नाव काढलं की ते म्हणायचे, “असू दे. माझी पाखरं पाठ हाईत.”

खात्याला कळायला फार वेळ लागला नाही. त्या वर्षी ठरलं की दसरा झाला की मास्तरांनी घरी बसायचं आणि पाखरांची खोली मी सांभाळायची. मला का, तर दरवर्षी तिथली मोजदाद भांडणाशिवाय करून येणारा मी एकटाच होतो. हे त्यांना सांगायचं कामही माझ्याकडे आलं. मास्तरांनी ऐकलं आणि म्हणाले, “बरं झालं. दुसरा कुणी आला असता तर चित्रांना खिळ्यासकट चुना लावला असता.” थोड्या वेळानं म्हणाले, “औंदा उलटतपासणी तू घ्यायचीस. मी बसून ऐकतो.”

“मला जमेल का?”

“जमंल. तुला भीड न्हाई.”

नवरात्र बसलं. परटाची बातमी अजून नव्हती. मास्तर रोज सकाळी अजबखान्यात यायच्या आधी रंकाळ्यावर जाऊ लागले. शनिवार पेठेतून निघायचं, घाट चाचपत उतरायचं, पाण्याकाठी बसायचं. त्यांचा भाचा मला सांगत होता की मामू अंधारात उठतात, आणि बरोबर कोणाला येऊ देत नाहीत. ते कशासाठी जात होते हे मला विचारायची गरज नव्हती. आयुष्यभर दुसऱ्यांच्या हातून चित्रं लावून घेतली. दसऱ्याच्या आत एक, निदान एकच, आपल्या हातानं लावायचं होतं. पुढच्या हंगामात खोलीही त्यांची नसणार होती आणि डोळेही.

अष्टमीच्या सकाळी ते जिना चढून आले ते नेहमीपेक्षा भरभर. धोतराला चिखल होता. खोलीत आले ते थेट पेटीशी गेले आणि परटाचं चित्र त्यांनी अचूक काढलं. ते सर्वांत वर ठेवलेलं होतं. मलमल सोडून चौकट छातीशी धरून ते माझ्यापुढे उभे राहिले.

“हिशेबनीस, परीट आला.”

“कोणी पाहिला?”

“मी.”

मला इतका आनंद झाला की मी उठून त्यांच्या हातातली चौकट घ्यायला गेलो. ते मागे सरले. “आधी इचार. सगळ्यास्नी इचारतोस तसं.”

ते साक्षीदाराच्या बाकावर बसले आणि मी त्यांच्या खुर्चीवर.

“कुठं पाहिला?”

“रंकाळ्याच्या काठाला. घाटाच्या डाव्या अंगाला चिखल हाय तिथं.”

“काय करत होता?”

“पळत होता. थांबायचा, शेपूट हालवायचा, परत पळायचा.”

“रंग?”

“कपाळ पांढरं. गळ्याखाली काळा डाग, मफलर बांधल्यागत. पाठ राखी.”

“आणि पाय?”

“पिवळे,” मास्तर म्हणाले.

खाली कोणीतरी दार लोटल्याचा आवाज आला. खरं म्हणजे मी ते कानाआड केलं असतं तरी चाललं असतं. खोलीत आम्ही दोघंच होतो. चित्र त्यांच्या हातात होतं, खिळा दोन हातांवर होता.

मास्तरांनी मान जरा वाकडी केली, लांबचा आवाज ऐकताना करायचे तशी. “काय म्हणालो मी?”

“पिवळे म्हणालात.”

त्यांनी चौकट मांडीवर आडवी ठेवली आणि काचेवर, परटाच्या पायांच्या जागेवर, अंगठा ठेवला. जागा बरोबर होती. मग म्हणाले, “पांढरं कायतरी हाललं, हिशेबनीस. एवढं खरं. पाण्याकडंला पांढरं कायतरी हाललं. बाकी सगळं मी चित्रातनं आणलं.”

“पांढरं हललं म्हणजे परीटच असेल, मास्तर. दिवस त्याचेच आहेत. लावू या.”

“कागदाचा कपटा असंल. बगळ्याचं पीस असंल.”

“परीटही असेल.”

“असंल. पर त्यो मी बगितला न्हाई.” ते उठले. चौकट मलमलीत गुंडाळून त्यांनी पेटीत परत ठेवली, मग खिळ्यापर्यंत जाऊन पाटी चाचपून सरळ केली. “पैलवानाला परत पाठवलं हुतं,” ते म्हणाले, “मग मला कसं सोडतोस?”

दुसऱ्या दिवशी ते रंकाळ्यावर गेले नाहीत; वेळेवर आले आणि खिडकीशी बसले.

दसऱ्याला अजबखान्यात नेहमीसारखी गर्दी होती. सकाळच्या पहिल्या लोंढ्यातच गंगावेशीकडच्या एक गवळणबाई वर आल्या. डोक्यावर दुधाची रिकामी कासंडी, पदर खोचलेला. म्हशी धुवायला त्या रोज रंकाळ्यावर न्यायच्या.

“मास्तर कुठं हाईत? परटाचं सांगायचं हाय.”

मास्तर खिडकीशी होते. त्यांनी माझ्याकडे हात केला. “ह्यांना सांगा आक्का. आता हेच इचारत्यात.”

मी विचारलं, कुठं पाहिला. त्या म्हणाल्या, “म्हशीच्या पायात की. आज सकाळी. माशा टिपत हुतं. म्हस हालली की उडायचं, परत यायचं. माझ्या म्हशीला आवाडलं न्हाई, पर त्येला काय त्येचं.”

“रंग?”

“परटाचा असतोय तसलाच. काळा-पांढरा.”

पुढचा प्रश्न टाळून मी पेटी उघडायला उठलो. तो मास्तरांनीच खिडकीशी बसून विचारला. “आन पाय कसलं हुतं आक्का?”

“पाय?” बाई त्यांच्याकडे वळल्या. “आता म्हशीचं चार पाय सांभाळू, का त्येचं दोन बगू? न्हाई बगितलं बा.”

मास्तर हसले. अष्टमीपासून ते पहिल्यांदा हसत होते. “लावा,” ते म्हणाले. “लावा आक्का, तुमचंच हाय.”

बाई बुटक्या होत्या आणि खिळा उंच. मी तिवई आणायला वळलो तोवर मास्तरांनी ती चाचपत आणून भिंतीशी ठेवली होती. बाई चढल्या. त्यांना काय वाटलं कोण जाणे, वरून म्हणाल्या, “मास्तर, मी म्हसरं राखनारी बाई. तुमीच लावा की. माझ्या हातनं काच फुटायची.”

“ज्यानं बगितलं त्यानंच लावायचं.”

“मग तिवई धरा. हालाय लागलीया.”

मास्तर खाली बसले आणि त्यांनी दोन्ही हातांनी तिवईचे पाय घट्ट धरले. बाईंनी पाटी उतरवली, चित्र लावलं, सरळ केलं, परत सरळ केलं. खाली बसलेल्या मास्तरांचं तोंड वर होतं आणि डोळे मिटलेले.

दुसऱ्या दिवसापासून मी त्या खोलीत बसू लागलो. मास्तर अधूनमधून भाच्याचा हात धरून यायचे, साक्षीदाराच्या बाकावर बसायचे आणि माझी तपासणी ऐकायचे. एकदा मी म्हटलं, “मास्तर, परटाचे पाय काळे करून टाकू का? मला ते बघवत नाहीत.” ते म्हणाले, “नगं. त्यांनी मला धरलं. एक दिवस तुलाबी धरायला पायजेत.” त्यानंतर तीन हिवाळे ते होते.

आता मीही चष्मा लावतो. थोरल्या मुलीचं लग्न झालं, वाडीला आम्ही दोनदा जाऊन आलो. खोली अजून माझ्याकडे आहे आणि परटाचे पाय पिवळेच आहेत. औंदा नवरात्र बसलं तरी त्याची बातमी नव्हती. परवा सकाळी रंकाळ्याच्या काठानं येताना चिखलात पांढरं काहीतरी हललं. मी थांबलो, चष्मा पुसून पुन्हा लावला आणि पाय दिसावेत म्हणून खाली वाकलो. तोवर ते उडून गेलं. मी खोलीवर आलो, कुलूप उघडलं, आणि खिळ्याला पाटी होती ती तशीच राहू दिली.